वाचून दाखविला

अमळनेरच्या तहसील कचेरीबाहेर
पत्र्याच्या शेडखाली माझं टेबल, एकतीस वर्षं.
खरेदीखत, हक्कसोड, भाडेकरार, प्रतिज्ञापत्र.
शेवटची ओळ बोटांनाच पाठ :
'सदर दस्त वाचून पाहिला, वाचून दाखविला,
समजून उमजून, कोणाचे दडपण नसता, सही केली असे.'
ओळ संपते, अंगठा उठतो,
उरलेली शाई माणसं भिंतीला पुसतात.
भिंत निळी झाली आहे
कमरेइतक्या उंचीपर्यंत.

मे महिन्यात मोहित आला, निंबा शिरसाठचा,
कुरिअरच्या गोण्या उतरवणारा.
मोबाइल पुढे केला : 'भाऊ, पैसा दिसतस,
पन निंघतस नहीत. एक अर्ज लिखी द्या.'
हिरव्या ठळक आकड्यात एकेचाळीस हजार दोनशे
आणि खाली राखाडी, मुंगीच्या पायाएवढं :
नियम व अटी लागू.
'वाचलंस?'
हसला. 'ते कोन वाचस, भाऊ?'

त्याच्या बापाच्या प्लॉटचं खरेदीखत मीच केलेलं.
तेव्हा बाप काही विचारणार होता,
मी शाईचा डबा पुढे सरकवला होता.

पोरगं एकोणीसचं. खातं आईच्या आधारवर.
ती झोपली की ओटीपी यायचे.
भिशीचे अकरा हजार बिनबोभाट आत गेले;
आत जायला एकच बटण होतं.
बाहेर यायला सेहेचाळीस कलमं.

दुसऱ्या दिवशी वच्छलाबाई स्वतः आली,
वेफर्सच्या कारखान्यातून तशीच,
पदराला तेलाचा वास.
बाकावर मांडी घालून बसली.
'आख्खं वाच, दादा. मी बठेल शे.'

इंग्रजी होतं. मी मराठीत आणलं, मग अहिराणीत,
मध्ये कुठे कुठे अडखळलो, खोटं कशाला बोलू.
वय एकवीस पुरं हवं.
जिथे कायद्याची मनाई, तिथल्यांनी खेळू नये,
खेळलेच तर जोखीम त्यांची, रक्कम आमची.
चौदाव्या कलमाला तिने हात वर केला.
बोनस पस्तीस वेळा फिरवल्याशिवाय
एक पैसा काढता येणार नाही.
'कोठे फिरावाना?'
'त्याच खेळात.'
'म्हंजे जत्रामधला पायना. उतरू देतस नहीत.'

विसाव्याला तिने कळण्याची भाकरी सोडली,
अर्धी मला दिली.
मोहित शेडच्या खांबाला नखाने खरवडत होता.
एकोणतिसाव्यात सगळं होतं :
नाव, चेहरा, बँकेचं खातं एकाच माणसाचं हवं.
माहिती खोटी निघाली
तर जिंकलेलं सगळं जप्त.

ती पदराने बोटं पुसत राहिली.
'हाई पयलेपाईन लिखेल व्हतं?'
'होय.'
'आनि मी कव्हय मान्य करं?'
बघून सांगितलं : चार मार्च,
रात्री एक वाजून बारा मिनिटं.
'तव्हय ते मी झोपेल व्हतू,' म्हणाली,
रागाने नाही,
हजेरीपुस्तकात खाडा सांगावा तशी.
पोराकडे बघितलंच नाही तिने.
उरलेली सतरा कलमंही ऐकली, शेवटच्या टिंबापर्यंत.

उठताना विचारलं, 'वाचाना किती?'
माझ्या दरफलकावर टायपिंग आहे, मुद्रांक आहे,
झेरॉक्ससुद्धा आहे. हे नाही.
'दहा,' म्हणालो.
तिने चोळीतून नोट काढली, दमट.
मी घेतली.
इतकी वर्षं न केलेल्या कामाचे पैसे घेत होतो,
हे पहिलेच केलेल्या कामाचे.

चार वाजता पारोळ्याची पार्टी आली, घाईत,
पाचची एसटी गाठायची होती त्यांना.
शेवटची ओळ आली.
'सदर दस्त वाचून पाहिला, वाचून' —
'काय झालं, भाऊ?' कोणीतरी म्हणालं,
अंगठा आधीच निळा करून उभं.
यंत्रावर 'द' कुठे आहे
ते बोटं शोधत राहिली.